उरलेल्या रकमेचे आभार

"अर्धी सही स्टॅम्पवर, अर्धी कागदावर," खिडकीपलीकडून होनराव म्हणाले. "आणि नाव पूर्ण घाल. ऑडिटवाल्यांना नुसती आद्याक्षरं चालत नाहीत."

मी पूर्ण नाव घातलं. रेणुका हणमंत धोत्रे. नावापुढं रक्कम आधीच लिहून ठेवलेली होती, दोन हजार तीनशे चाळीस, आकडी आणि अक्षरी. सही वाळायच्या आत होनरावांनी वही ओढून घेतली, तिच्यावर टीपकागद दाबला आणि वही मिटली. मी हात पुढं करून तशीच उभी.

"आता काय?" ते म्हणाले.

"पैसे."

"कसले पैसे?"

"सही केली त्याचे."

होनरावांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. आमच्या कॉलेजचे ते हेडक्लार्क. आमच्या तालुक्यात पोरं बी.ए. व्हायची ती प्राध्यापकांच्या नाही, होनरावांच्या कृपेनं, असं सगळे म्हणत आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

"अगं पोरी, सही ही पैसे मिळाल्याची पोच असते," ते समजावत म्हणाले.

"पण मिळाले कुठं?"

"मिळतील की. गुरुवारी चार वाजता, कार्यक्रमात. तात्यासाहेबांच्या शुभहस्ते. सोबत पालकांना आणायचं. पालक नसतील तर काका, मामा, कुणीही आण, पण माणूस दिसलं पाहिजे."

माझ्या मागं रांगेत माझ्याच वर्गातला नागनाथ लोंढे उभा होता. हाडकुळा, उंच, आणि कशालाही 'का?' विचारायची खोड असलेला. त्यानं वहीत स्वतःचं नाव शोधलं, सोळाशे वीस हा आकडा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"पैसे हातात पडले की सही करतो."

"सही नाही तर पैसे नाहीत," होनराव म्हणाले.

"आणि पैसे नाहीत तर सही नाही."

"मग बस बोंबलत," होनराव म्हणाले आणि त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

हे पैसे कसले, ते सांगते. आमच्यासारख्या मुलांच्या नावानं सरकारकडून दर वर्षी शिष्यवृत्ती यायची. कॉलेजनं तिच्यातून आपली फी कापून घ्यायची आणि उरलेली रक्कम मुलाच्या हातात ठेवायची, असा नियम. फी कापायचं काम कॉलेजनं तिन्ही वर्षं अगदी वेळेवर केलं. उरलेलं द्यायचं काम मात्र दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकललं. मागायला गेलं की होनराव म्हणायचे, "तिन्ही वर्षांचं एकदम घे. सुट्टे घेऊन काय करशील?" अशी आम्ही एक्केचाळीस मुलं होतो. चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये आमचा बी.ए.चा निकाल लागला आणि जुलैत समाजकल्याणचं पत्र आलं, की मुलांना पैसे दिल्याच्या सह्या दाखवा. तेव्हा कुठं आमची आठवण झाली. म्हणजे आमची नव्हे, आमच्या सह्यांची.

इतर मुलांना पैसे आज मिळाले काय आणि महिन्यानं मिळाले काय, फारसा फरक पडत नव्हता. मला पडत होता. जिल्ह्याच्या बी.एड. कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं होतं. फी एकोणीसशे. भरायची शेवटची मुदत शनिवारी दुपारी एक. एक वाजून एक मिनिटानं जागा पुढच्या नावाला जाणार, हे तिथल्या क्लार्कनं मला दोनदा सांगितलं होतं. अप्पा खाणीवर दगड फोडायचे. मुकादमाकडून त्यांनी आधीच दिवाळीपर्यंतची उचल घेतलेली, त्यामुळं तिथं पुन्हा तोंड दाखवायची सोय नव्हती. आमच्या वडारवस्तीत बारावीपुढं गेलेली मीच एकटी. यादीत नाव लागलं त्याच दिवशी अप्पांनी साऱ्या वस्तीला सांगून टाकलं होतं की आमची रेणी मास्तरीण झाली. झाली, असं. होणार, असं नाही.

घरी जाऊन मी अप्पांना सहीचं सांगितलं. अप्पा भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले.

"म्हंजे आंगठा आदी आन पगार मागनं?"

"सही केली अप्पा, अंगठा नाही."

"येकच की. आमचा मुकादम बरा मग. त्यो निदान पैसं देऊन आंगठा घेतो."

बुधवारी कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागली की तात्यासाहेब मुंबईला गेल्यामुळं कार्यक्रम शुक्रवारी होईल. तात्यासाहेब मोहोरकर म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. शिवाय एक पेट्रोल पंप, एक परमिट रूम आणि भुसार मालाची आडत असा त्यांचा पसारा होता. विधानसभा जवळ आली होती आणि तात्यासाहेबांना तिकीट हवं होतं. त्यांच्या मुंबईच्या फेऱ्या तेवढ्यासाठी चालल्या होत्या. मी मनात हिशेब केला. शुक्रवारी संध्याकाळी पैसे, शनिवारी सकाळी सहाची एस.टी., दहाला जिल्ह्याला. जमत होतं.

त्याच दुपारी प्राचार्य उंबरजेसरांनी मला बोलावून घेतलं. सर संस्कृतचे. साधा चहा मागवायचा असला तरी ते शिपायाला "चहापानाची व्यवस्था व्हावी" असं म्हणायचे.

"धोत्रे, आपण वक्तृत्वात तीन वर्षे ढाल आणलीत. लाभार्थ्यांच्या वतीने आभारप्रदर्शन आपण करावे, असे मी योजले आहे."

"सर, पण पैसे आमचेच आहेत ना? मग आभार कशाचे?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आभार हा कार्यक्रमाचा अंतिम भाग असतो, धोत्रे. त्याशिवाय माणसे उठत नाहीत," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात एक टंकलिखित कागद ठेवला. त्यात तात्यासाहेबांना दोनदा ज्ञानमहर्षी म्हटलं होतं. खाली मंडपवाला, साऊंडवाला आणि हारवाला यांची नावं होती.

शुक्रवारी सकाळी होनरावांनी मला ऑफिसात पाकिटांवर नावं घालायला बसवलं. माझं अक्षर बरं होतं, हा आणखी एक गुन्हा. समोर आहेराच्या पाकिटांचा गठ्ठा होता. प्रत्येक पाकिटावर गणपती, त्याच्याखाली सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' आणि वर कोपऱ्यात चिकटवलेला एक रुपया.

"काका, ही तर लग्नाची पाकिटं आहेत."

"तात्यासाहेबांच्या मुलीच्या लग्नातली उरलेली. शुभविवाहावर पांढरी पट्टी लाव आणि पट्टीवर नाव घाल. पाकीट फुकट कशाला घालवायचं?"

पंधरा-वीस पाकिटं झाल्यावर मी विचारलं, "आणि चेक कधी घालायचे यांत?"

होनरावांनी दाराकडं पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून ते हळूच म्हणाले, "आत पत्र जाणार. तात्यासाहेबांच्या शुभेच्छांचं. चेक नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"चेकवर दोन सह्या लागतात. अध्यक्षांची आणि सचिवांची. सचिव सयाजीराव म्हणजे तात्यासाहेबांचे सख्खे मेहुणे. दोन वर्षं झाली, दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एकानं सही केलेल्या कागदाला दुसरा हात लावत नाही."

"का?"

होनरावांनी माझ्या हातातल्या पाकिटाकडं बोट केलं. "याच लग्नात. नवऱ्या मुलीचा मामा, आणि फेटा बांधायचं त्यालाच विसरले. वरातीतल्या बँडवाल्यांना बांधले, घोड्याच्या मालकाला बांधला आणि मामा उघड्या डोक्यानं अंतरपाटाशी उभा. ते तिथूनच न जेवता निघून गेले."

मला हसू येईना. "मग आमचे पैसे?"

"बँकेत आहेत. कुठं पळून चाललेत?"

"काका, मला उद्या एकच्या आत फी भरायची आहे."

"पुढच्या वर्षी भर. बी.एड. कॉलेजला कुणी उचलून नेत नाही." मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी माझ्यापुढं चहाची कपबशी सरकवली. "तुला सांगितलं ते तुझ्यापाशीच ठेव. मी काही बोललेलो नाही."

मी चहा घेतला नाही. उरलेली पाकिटं पुरी केली, स्वतःचं नाव घातलेलं सुद्धा, आणि बाहेर पडले. संतापाच्या भरात पायऱ्या दोन-दोन करून उतरले. एका माणसाच्या डोक्यावर फेटा नव्हता म्हणून माझी जागा जाणार होती.

नागनाथ मैदानावर मंडप बांधणाऱ्यांचं काम बघत बसला होता. त्याला मी सगळं सांगितलं. होनरावांचं नाव तेवढं वगळलं, पण ते त्याला न सांगता कळलं.

"मग मी उभा राहून विचारतो," तो म्हणाला. "भर सभेत. पाकिटात काय आहे ते सांगा म्हणतो."

"तू उभा राहिलास की दोन मिनिटांत तुला मंडपाबाहेर काढतील. नंतर तू खरा ठरशील, पण माझा एक वाजून गेलेला असेल. मला न्याय नको नागनाथ, मला एकोणीसशे रुपये पाहिजेत. आजच्या आज."

"मग काय करतेस?"

मी त्याला सांगितलं काय करणार ते. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "रेणुका, तेवढं करू नकोस. दुसरं काहीही कर. ते पैसे आपले आहेत. ते त्याचे आहेत असं एकदा माईकवर म्हटलंस ना, की ते त्याचे होतील."

"एक दिवसापुरतं म्हणते."

"असं एक दिवसापुरतं नसतं," नागनाथ म्हणाला आणि उठून गेला.

चारचा कार्यक्रम साडेपाचला सुरू झाला. मंडप गच्च भरला होता. एक्केचाळीस मुलं, त्यांचे आईबाप, त्यांनी आणलेले शेजारी, आणि तात्यासाहेबांनी ट्रकनं आणलेली माणसं. ती कशासाठी आली आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, पण टाळ्या वाजवायच्या आहेत एवढं पक्कं ठाऊक होतं. अप्पा खाडा करून आले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला नवं मुंडासं, तिसऱ्या रांगेत ताठ बसलेले. पुढं जिल्ह्याच्या पेपरचा वार्ताहर आणि फोटोग्राफर.

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. उंबरजेसरांनी प्रास्ताविकात उरलेल्या रकमेच्या परताव्याला 'ज्ञानयज्ञातील प्रसाद' असं म्हटलं. तात्यासाहेब पाऊण तास बोलले. त्यांचं गरिबीतलं बालपण झालं, आईचे कष्ट झाले, मुंबईत मोठ्या साहेबांशी झालेलं बोलणं झालं. शिष्यवृत्तीचं नाव एकदाही निघालं नाही. मग पाकिटं वाटली. एकेक मूल वर जाई, पाया पडे, फोटो निघे, मूल खाली येई. खाली आल्यावर आईबाप पाकीट उघडत. आत पत्र. पाकीट पुन्हा झटकून बघत. तरी पत्रच. हळूहळू मंडपात कुजबुज पसरली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "येक रुपयाच हाय गं बया!" आणि तिच्या सुनेनं तिला गप्प केलं.

नागनाथचं नाव पुकारलं तेव्हा तो गेलाच नाही.

"आणि आता आभारप्रदर्शन," उंबरजेसर म्हणाले.

मी माईकपुढं उभी राहिले. टंकलिखित कागद हातात होता. अप्पा माझ्याकडं बघून नुसते हसत होते. आपली पोरगी स्टेजवर बोलणार, एवढंच त्यांना दिसत होतं. त्या क्षणी माझ्या मनात जर कुणाची दया असेल तर ती फक्त त्यांची होती.

"आदरणीय तात्यासाहेब," मी सुरुवात केली. "आज पाकिटात चेक नाही, हे बघून काही पालक गोंधळलेत. मला वाटतं, हे मला सांगितलंच पाहिजे."

उंबरजेसरांनी खुर्चीत चुळबुळ केली. तात्यासाहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं.

"चेक का नाही? कारण चेक वटायला आठ-आठ दिवस लागतात, हे तात्यासाहेबांना माहीत आहे. त्यांनी गरिबी बघितली आहे. आत्ताच त्यांनी आपल्याला सांगितलं. आमच्यातल्या कित्येकांचं बँकेत खातंसुद्धा नाही, हेही त्यांना माहीत आहे. म्हणून तात्यासाहेबांनी ठरवलं की सरकारचे पैसे यायचे तेव्हा येतील. माझ्या लेकरांना मी थांबवणार नाही. प्रत्येकाची जेवढी रक्कम आहे तेवढी मी माझ्या खिशातून देणार. रोख. आज, आत्ता, याच मंडपात!"

मग ट्रकमधून आलेल्या माणसांनी, ज्यांना टाळी वाजवायची जागा बरोबर कळायची, टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागं सगळा मंडप. कुणीतरी ओरडलं, "तात्यासाहेबांचा विजय असो!" ती मघाची म्हातारी उठून उभी राहिली आणि तिनं लांबूनच तात्यासाहेबांची दृष्ट काढत कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"एवढ्या मोठ्या मनाचा माणूस," मी आवाज चढवला, "आमदार झाला तर या तालुक्याचं काय होईल, ते तुम्हीच सांगा!"

मग तर काही ऐकूच येईना. मी वळून तात्यासाहेबांकडं पाहिलं. त्यांची नजर माझ्यावरून मंडपावर गेली, मंडपावरून वार्ताहराच्या भराभर चालणाऱ्या पेनावर गेली, आणि मला अगदी स्पष्ट दिसलं की त्यांच्या डोक्यात बेरीज चालली आहे. ती करायला त्यांना पाचएक सेकंद लागले असतील. ते उठले, त्यांनी सावकाश हात जोडले आणि शेजारच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं. तो माणूस जीप घेऊन धुरळा उडवत गेला.

"पोरीनं माझं गुपित फोडलं," तात्यासाहेब माईकवर म्हणाले. "मला गाजावाजा नको होता."

तासाभरात पैसे आले. पंपाचा गल्ला आणि परमिट रूमचा गल्ला, दोन पिशव्यांतून. एका पिशवीतल्या नोटांना पेट्रोलचा वास होता आणि दुसरीतल्यांना दारूचा. होनराव वही घेऊन स्टेजवर बसले. एकेक नाव, एकेक रक्कम. माझं नाव आलं तेव्हा तात्यासाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ओठ न हलवता म्हणाले, "हुशार आहेस. शिकून झालं की येऊन भेट." फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला. मी हात जोडलेले, वर तात्यासाहेबांचा हात.

शेवटी होनरावांनी नागनाथचं नाव पुन्हा पुकारलं. या वेळी तो वर आला. एका हातानं सोळाशे वीस रुपये पुढं करत तात्यासाहेब म्हणाले, "घे बाळ."

"हे कुणाचे?" नागनाथनं विचारलं.

"माझे समज."

"मग नकोत. माझ्या नावानं सरकारनं पाठवलेत ते द्या."

मंडपात हसू पिकलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरं घे की येड्या, फुकटचं मिळतंय तर!" नागनाथनं माझ्याकडं एकदा पाहिलं, तात्यासाहेबांना नमस्कार केला आणि खाली उतरून मंडपातून सरळ बाहेर चालता झाला. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. सगळं नीट चाललं असताना हा एकटा शहाणा! तो राग खरं म्हणजे कुणाचा होता हे कळायला मला फार वर्षं लागली.

"पोरगं चांगल्या घरचं न्हाई वाटतं," अप्पा म्हणाले. मी पैसे पोलक्यात घट्ट दाबून धरले होते.

शनिवारी पावणेअकरा वाजता मी फी भरली. क्लार्कनं नोट नाकाला लावून वास घेतला, माझ्याकडं पाहिलं, पण पावती दिली.

पंधरा दिवसांनी कॉलेज सोडल्याचा दाखला आणायला गेले तेव्हा होनरावांनी मला आत बोलावून बसवलं. टेबलावर जिल्ह्याचा पेपर होता. 'तात्यासाहेब मोहोरकर यांच्याकडून स्वखर्चाने एक्केचाळीस विद्यार्थ्यांना मदतीचा हात.' फोटो माझाच.

"काका, मग आता आमचा चेक कधी येणार? सरकारचे यायचे ते?"

होनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तुझी सही आहे की वहीत. मिळाल्याची पोच. आता कसला चेक?"

"पण ते तर तात्यासाहेबांनी खिशातून..."

"खिशातूनच दिले. मंगळवारी परत घेतले. शिष्यवृत्तीच्या खात्यातून एकच चेक, अध्यक्षांच्या नावे. विद्यार्थ्यांना दिलेल्या आगाऊ रकमेची परतफेड. वर तीन वर्षांचं व्याज साठलं होतं, ते संस्थेला."

"आणि दोन सह्या?"

"झाल्या की. सोमवारी सकाळीच तात्यासाहेब फेटा घेऊन मेहुण्याच्या दारात गेले. स्वतःच्या हातानं बांधला, पाया पडले. दोघं रडले म्हणतात. दोन वर्षं आम्ही सगळे समजावत होतो, कुणी ऐकलं नाही. स्वतःचे पैसे अडकले आणि तीन दिवसांत मिटलं."

मी दाखला घेतला आणि निघाले. तिकीट तात्यासाहेबांना मिळालं. प्रचाराच्या पत्रकावर माझा फोटो होता. ते निवडून आले.

पुढच्या वर्षी बी.एड. होऊन मी नोकरीला फिरले. तेव्हा शिक्षकाच्या जागेला पन्नास हजारांचं डोनेशन चालायचं. आमच्याकडं पन्नास रुपये नव्हते. शेवटी तात्यासाहेबांना भेटले. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि आपल्या शाळेत घेतलं, एक पैसा न घेता. मी त्यांचे आभार मानले. तिथून मग ते चालूच राहिलं. स्नेहसंमेलन असो, सायकलवाटप असो, नव्या मुतारीचं उद्घाटन असो, उंबरजेसरांनी म्हटलं होतं तसं माणसं उठायला आभार लागायचे आणि ते माझ्याकडंच यायचे. ज्ञानमहर्षी हा शब्द मी कागद न बघता म्हणू लागले.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात एका दुपारी नागनाथ शाळेत आला. खाकी कपडे, खांद्याला कंडक्टरची पेटी. एस.टी.त लागून त्याला तीन वर्षं झाली होती. आमच्या गावचीच गाडी घेऊन आला होता आणि परत सुटायला वीस मिनिटं होती. स्टाफरूमच्या दारातच उभा राहून म्हणाला, "माझे पैसे मिळाले. म्हटलं तुला सांगून जावं."

"कुठले पैसे?"

"सोळाशे वीस."

"चार वर्षांनी? कसे मिळाले?"

"सही केली नव्हती ना. चाळीस जणांच्या सह्या, एकाची नाही. ऑडिटला दर वर्षी विचारायचे, हा एक का राहिला? खातं बंदच होईना त्यांचं. मीही दर तीन महिन्यांनी समाजकल्याणला एक अर्ज टाकायचो. शेवटी वरून पत्र आलं की याला चेक द्या."

"अर्जांना, येण्याजाण्याला खर्च किती झाला असेल रे तुझा?"

"हजारएक." तो हसला. "बायकोनं तेच विचारलं. म्हणाली, असल्या पैशाचं काय लोणचं घालायचंय?"

"मग? समारंभ वगैरे केला की नाही त्यांनी?"

"छे. आता होनराव रिटायर झालेत, नवीन मुलगा आहे तिथं. त्यानं नाव विचारलं, चेक दिला, मग सही घेतली. दोन मिनिटं लागली. खिडकीवर गेलो, घेतला, आलो."

एवढंच होतं ते. खिडकीवर जायचं, घ्यायचं आणि यायचं. मला अचानक रडूच फुटलं. नागनाथ घाबरला, काय करावं ते त्याला कळेना. तो म्हणाला, "अगं, तुझी फी भरली गेली ना? तू शिक्षिका झालीस. मग?"

मी मान हलवली. ते खरंच होतं. फी भरली गेली होती.

बाहेर मैदानात माईकची खरखर सुरू झाली. शिपाई दारात आला. "मॅडम, तात्यासाहेबांची गाडी आली. सर म्हणत्यात, वाढदिवसाच्या कार्यक्रमाला आभार तुमच्याकडंच हाय न्हवं?"

नागनाथनं पेटी खांद्यावर सारखी केली. "जा तू. माझीपण गाडी सुटायची झाली," तो म्हणाला.

मी डोळे पुसले, पदर नीट केला आणि शिपायाला म्हणाले, "माझ्याकडंच आहे. आले म्हणून सांग."